खंडेनवमीला काढल्याला प्लग

खंडेनवमीला हत्याराला इसावा द्यायचा, ही आमची रीत. इळा असू दे, खुरपं असू दे, न्हाईतर माग असू दे. धुवायचं, पुसायचं, हळदीकुंकू लावायचं, फूल व्हायचं आन त्या दिशी त्येला चालवायचं न्हाय. मी बारा-तेरा वर्साची असल्यापास्नं सोलापुरात मागाच्या कारखान्यात हाय. येवढ्या वर्सात खंडेनवमीला चालता माग म्या बघितला न्हाय. म्हणून त्या दिशी म्या जे केलं ते वाईट मनानं केलं न्हाय. पर नुकसान काय कुणाचं मन बघून येत न्हाय.

घरात आमी दोघीच. मी आन माझी सून. लेक अकरा वर्सांमागं गेला. त्यो कॉम्प्युटरवर चादरीची नक्षी काढायचा. त्यो गेल्यावर सून चौदा दिवस भितीकडं तोंड करून बसली, आन पंधराव्या दिशी त्येच्या खुर्चीवर जाऊन बसली. तवापास्नं तीच नक्षी काढती. मी जितं कामाला हाय, त्या येकाच कारखान्याच्या मालकासाठी काढती. घरातल्या कॉम्प्युटरवर काढायची, आन कारखान्यात मागाजवळ दुसरा कॉम्प्युटर हाय, तितं ती नक्षी नेटवरनं आपोआप जाती. त्यो कॉम्प्युटर मागाला सांगतोय, आता ह्यो धागा उचल, आता त्यो उचल. दोन्हीकडं समदं येकसारखं ऱ्हातंय. हितं वाढलं की तितं वाढतंय. हितं पुसलं की तितं बी पुसतंय. ह्येला ती सिंक म्हणती. मी आपली मेळ म्हणते.

अकरा वर्सांच्या नक्ष्या हुत्या त्यात. आमचं पोट त्येच्यावर, आन तिची पत बी त्येच्यावर. दुसरं आमच्याजवळ काय न्हाय.

खंडेनवमीच्या आदल्या दिशी सून म्हायाराला गेली, अक्कलकोटला. जाताना म्हणली, "आत्या, नक्ष्या साठवायचा जुना डबा, ती हार्डडिस्क, खराब व्हाया लागलाय. त्यातल्या नक्ष्या नव्या डब्यात घालायला लावल्यात. चालू ऱ्हाऊ द्या. हात लावू नगा."

मी व्हय म्हणले. आन सकाळी देवपूजा करून उठले तर ती मशीन घुं घुं करतिया. खंडेनवमीच्या दिशी. म्या मशीनीला आन डब्यांना बी हळदीकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठिवलं, तरी ती घुं घुंच. मला कसंतरी व्हाया लागलं. लेकानं ह्याच मशीनीवर खंडेनवमीला काम केल्यालं, आन त्याच वर्सी त्यो गेला. कुणी म्हणल ह्यात काय संबंध. नसल संबंध. पर माझं मन मला काय तसं सांगत न्हवतं. म्या म्हणलं, हात लावू नगं म्हणली, मशीनीला लावत न्हाय. भितीतला प्लग काढला. गप झाली. मला बरं वाटलं. दसऱ्याच्या सांजच्याला परत लावला, तिचा दिवा लागला, मी निवांत.

दुसऱ्या दिशी सकाळी सातला सून पयल्या गाडीनं आली. पिशवी ठिवली, चप्पल बी काढली न्हाय, कॉम्प्युटरम्होरं बसली. मी च्या ठिवत हुते. मागनं तिचा आवाजच येईना. वळून बघितलं तर ती हात मांडीवर ठिवून नुसती बघत बसल्याली.

"काय झालं गं?"

"आत्या, फोल्डर रिकामा हाय."

"म्हंजी?"

"म्हंजी काय न्हाय त्यात. मधेच बंद पडून जुन्या डब्यातलं समदं गेलंय. नव्यात अर्धंमुर्धं हाय, त्येची नावं बी गेल्यात." मंग ती माझ्याकडं वळली. "लाईट गेल्ती का वो?"

"गेली आसल," मी म्हणले.  जन्मात भाकरी मागून खाल्ली आसल, पर सुनंम्होरं खोटं बोलले न्हवते.

ती म्हणली, "कारखान्यात हायेत की समद्या. तितला कॉम्प्युटर बंद हाय, सुट्टी हुती." मंग ती अशी बसल्या बसल्या ताठ झाली. खुर्ची मागं गेली, पडली. तिनं नेटची वायर उपसून काढली आन घड्याळ बघितलं.

"आत्या, काल रातभर हिनं निरोप धाडलाय. हितलं समदं गेलं म्हणून. त्यो निरोप नेटवरल्या मधल्या जागेत पोचलाय. आता वायर काढून काय उपेग न्हाय. पत्र पेटीत पडलंय. कारखान्यातला कॉम्प्युटर चालू झाला की त्येला त्यो निरोप घावंल. आन त्यो बी समदं पुसून टाकील. मेळ घालील."

"रिकाम्याचा भरल्याशी मेळ?"

"त्येला काय कळतंय रिकामं कुठलं आन भरल्यालं कुठलं!"

कारखाना नऊला उघडणार हुता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी नारळ फोडायचा आन माग चालू करायचे, ही त्या मालकाची रीत. मालकाला फोन लावला. वाजतोय, उचलत न्हाय. पूजा चालल्याली. माग दुरुस्त करणाऱ्याला, म्हंजी जॉबरला लावला. त्येचा बंदच. परत मालकाला. आठ येळा लावला आसल. फोनचा त्यो आवाज मला अजून कानात ऐकू येतोय.

आमी निघालो. तिनं नवा डबा वल्ल्या टावेलात गुंडाळला, मंग "वल्ला कशाला गं" म्हणून मी ओरडल्यावर कोरड्यात गुंडाळला.  नाक्यावर रिक्षा घावली. रिक्षावाला म्हातारा मुसलमान. सून म्हणली, "भाऊ, नऊच्या आत पोचवा." त्यो म्हणला, "उडके जाऊं क्या बेटी? पंखां नै है मेरेकू." येरवी आमी हसलो आसतो.

म्होरं मंडळाचा मांडव उतरवत हुते. रस्त्यावर कळक आडवे पडल्याले. रिक्षा थांबली. आठ-चाळीस झाल्ते. त्या थांबल्याल्या रिक्षात मला ऱ्हावलं न्हाय. 

"लाईट न्हवती गेली," मी म्हणले. "प्लग म्या काढला. खंडेनवमी हुती म्हणून."

तिनं मांडीवरला डबा दोन्ही हातांनी धरला, आन तोंड बाहेर केलं. बोलली आसती, शिव्या दिल्या आसत्या, तर मला सोसलं आसतं. मी लई सोसलंय. मालकानं सोसायला लावलं, नवऱ्यानं लावलं, दुस्काळानं लावलं. पर तिचं ते गप बसणं मला सोसंना.

रिक्षावाला खाली उतरला, पोरांना म्हणला, "ए भाय, दो बांबू सरकाव. माँ-बेटी की जान पे बनी है." त्येला कुणी सांगितलं आमचं काय झालंय? तोंडावरनंच वळखलं आसल. पोरांनी कळक सरकवले.

कारखान्याच्या दारात पोचलो तवा घंटा वाजत हुती. मालक, त्येची आई, जॉबर आन पंधरा-वीस कामगार मागाभवती उभे. मालकाच्या हातात नारळ. आन जॉबर कॉम्प्युटरजवळ. त्येनं बटण दाबल्यालं. पडदा निळा झाल्ता.

मी इधवा बाई. मुहूर्ताला आमच्यासारखीनं म्होरं येऊ नये, आन नारळ उचलल्याला हात तर थांबवूच नये. मालकाची आई ह्याबाबतीत लई कडक. माझी जागा कायम मागं सुताच्या कांड्यांच्या पेटीजवळ. चाळीस वर्सं मी त्या पेटीजवळ उभी ऱ्हायले. त्या दिशी मी माणसं सारत म्होरं गेले, आन मालकाचा नारळाचा हात मनगटात धरला.

"थांब बाबा. मशीन थांबव."

 मालकाच्या आईनं तोंडावर पदर घेतला. मालक माझ्याकडं बघतच ऱ्हायला, त्येला वाटलं म्हातारीला येड लागलं. तवर सून मागाखालनं वाकून कॉम्प्युटरच्या मागं गेल्ती. तिनं तितली वायर उपसली. जॉबर "ओ ताई, ओ ताई" करतोय. मालक तेलगूत ओरडला, "आगरा!" म्हंजी थांब रे. आन जॉबर हात वर करून उभा ऱ्हायला, पोलिसानं धरल्यागत.

पडदा निळ्याचा पांढरा झाला. सुनंनं फोल्डर उघडला. त्यो उघडंना. मधे ते गोल फिरत हुतं. मी पडद्याकडं न्हाय, तिच्या मानंकडं बघत हुते. मानंवर घाम आल्ता, आन येक शीर उडत हुती.

"हायेत," ती म्हणली. "हायेत की."

मंग मालकाची आई म्हणली, "आता तरी नारळ फोडू द्या." मालकानं फोडला. पाणी उडालं. माझ्या तोंडावर बी उडालं. ते पुसायला हात वर करवंना मला.

पर भ्या संपलं न्हवतं. खरं तर ते तितनं म्होरंच वाढलं.

मालक म्हणला, "मावशी, एक वाजता माग चालू व्हायला पायजे. बाहेरगावचा व्यापारी पाव्हणा माल बघायला येणार हाय. तवर काय ते करा." सून म्हणली, आता ह्यो कॉम्प्युटर आसाच परत नेटला जोडता यायचा न्हाय, जोडला की पुसंल. आधी ह्येच्यातलं समदं नव्या डब्यात घ्यावं लागंल. आन समदं पयल्यापास्नं घ्यायचं म्हणलं तर दिवस मावळंल.

"नव्या डब्यात अर्धं हाय म्हणालीस की," मी म्हणले.

"हाय. पर कुठलं अर्धं, ते कुणाला म्हाईत?"

"मंग जे न्हाय तेवढंच घे."

माझं सुरवातीचं काम पत्ते ओवायचं. तवा कॉम्प्युटर न्हवते. नक्षी पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर भोकं पाडून करायचे, आन त्या पत्त्यांची माळ दोऱ्यानं ओवून मागावर चढवायची. येका चादरीला हजारावर पत्ते. मधला येक फाटला तर समदी माळ कुणी नव्यानं करत न्हाय. मूळ माळ आन फाटकी माळ शेजारी पसरायची, नंबर लावून पत्त्याशी पत्ता भिडवायचा. भोकं जुळली की म्होरं. जुळली न्हाय तर तेवढाच पत्ता नवा पाडायचा आन ओवायचा. आन मूळ माळंला लाल दोरा बांधायचा, म्हंजी गडबडीत कोण फाटकीवरनं चांगली बिघडवणार न्हाय. येका वर्सी आमच्यातल्या येकीनं दोरा बांधला न्हाय. फाटक्या माळंवरनं मूळ माळ दुरुस्त केली. थानच्या थान वाया गेलं. कारखान्याच्या मास्तरनं तिला कामावरनं काढलं आन तिच्याजवळ बसल्याली म्हणून मला बी काढलं. सहा महिनं लोकांची भांडी घासली मी. माझी कूस तवा भरल्याली हुती.

सून म्हणली, कॉम्प्युटर बी तसंच करतोय. फाईलचं तुकडं करतोय, परतेक तुकड्याची येक खूण काढतोय, हितली खूण आन तितली खूण भिडवतोय. जुळली तर हात लावत न्हाय. न्हाय जुळली तर तेवढाच तुकडा नेतोय.

"मंग कर की," मी म्हणले.

"करते. पर कुठनं कुठं, ते मला लिवून द्यावं लागतंय. आधी भरल्यालं, मंग रिकामं. उलटं लिवलं तर..."  

खाली मागाजवळ लाल सुताचा तुकडा पडल्ता. म्या त्यो उचलला आन कारखान्याच्या कॉम्प्युटरच्या कानाला बांधला. जॉबर हसला. "मावशी, नजर काढताय व्हय मशीनीची?" म्या म्हणलं, "तुझी बी काढीन, गप ऱ्हा."

सुनंनं लिवलं. तिची बोटं बटणावर घसरत हुती. दोनदा पुसून लिवलं. मंग म्हणली, "आत्या, आधी नुसतं इचारते ह्येला. करू नगं, करशील काय ते सांग."

"सांगतोय का आसं?"

"सांगतोय. कोरडं चालवायचं म्हणत्यात."

माग बी आमी आसाच बघायचो, धागा न भरता, नुसता हातानं फिरवून. तिनं बटण दाबलं. पडद्यावर वळी पळाया लागल्या. खालनं वर, खालनं वर. मला इंग्रजी वाचाय येत न्हाय, मराठी बी दुकानाच्या पाटीपुरतं येतंय. पर पत्ते ओवणाऱ्या बाईची नजर काय मरत न्हाय. भोकं सारख्या जागी पडली की डोळ्याला कळतंय.

"ए," मी म्हणले, "समद्या वळींच्या म्होरं येकच शब्द का?"

"कुठला?"

म्या बोट ठिवलं. तिनं वाचलं. तिच्या तोंडाचा रंग उडाला, हळद लावल्यागत पिवळी पडली.

"पुसणार," ती म्हणली. "ते पुसणार म्हणतंय."

"कुठलं? दोरा बांधल्यालं का बिनदोऱ्याचं?"

ती लाल दोऱ्याकडं बघाय लागली. बघतच ऱ्हायली. तिनं उलटं लिवलं हुतं. रिकामं आधी, भरल्यालं मागनं. तिनं नुसतं इचारलं म्हणून वाचलं, न्हाईतर त्या पळणाऱ्या वळींसंगं अकरा वर्सं पळून गेली आसती, आमच्या डोळ्यांदेखत, आन आमीच बटण दाबल्यालं.

 ती सुताच्या पोत्यावर बसली. हुंदका न्हाय, काय न्हाय. नुसती दात वाजवत हुती, कडाक्याच्या थंडीगत. आन बाहेर आक्टोबरचं ऊन. मी तिच्याजवळ बसले न्हाय. मला वाटलं, मी हात लावला तर ती मोडंल. म्या जॉबरला म्हणलं, "च्या सांग रे." आन तिला म्हणलं, "ऊठ. आता मी वाचते. तू लिव."

"तुमाला वाचाय येतंय व्हय?"

"दोरा कुठं हाय ते येतंय की. पयलं दोऱ्याचं लिव. मला बोटानं दाव. मंग दुसरं."

तिनं लिवलं. मला बोटानं दावलं, ह्ये दोऱ्याचं, ह्ये बिनदोऱ्याचं. परत कोरडं चालवलं. आता वळींच्या म्होरं त्यो शब्द न्हवता. येक बी वळीत न्हवता. म्या परत बघितलं. तिसऱ्यांदा बघितलं. जॉबरला बी बघायला लावलं, त्यो धा इयत्ता शिकल्याला. त्यो आता हसत न्हवता.

मंग खरं चालवलं. ते चाललं तवर मी भितीला टेकून उभी ऱ्हायले. च्या तसाच गार झाला. मधेच पडदा थांबला. परत पळाया लागला. साडेअकराला झालं. दिवस जाणार हुता, तिथं दोन तासात झालं, कारण अर्ध्याहून जास्ती तुकडं नव्या डब्यात चांगले हुते, त्येंची नुसती खूण जुळवली आन सोडून दिले.

येक नक्षी मातर आली न्हाय. सुनंनं म्हायाराला जायच्या आदल्या रातीला काढल्याली, जोंधळ्याच्या कणसाची. ती कारखान्यात पोचलीच न्हवती, तितला कॉम्प्युटर आधीच बंद केल्याला. ती नुसती आमच्या घरी हुती, आन म्या प्लग काढला तवा ती मधेच तुटली. तीच नक्षी पाव्हण्याला दावायची हुती.

मालक काय बोलंल म्हणून मी म्होरं झाले. म्हणलं, "मालक, ही माझी चूक. पोरीला बोलू नगा. प्लग म्या काढला."

मालक आईकडं बघाय लागला. आई म्हणली, "कवा काढला?"

"खंडेनवमीला."

"मंग काय करणार!" ती मालकाला म्हणली. "खंडेनवमीला चालू ठिवलीच कशाला मशीन?" आन सुनंकडं डोळं वटारून बघितलं.

मला हसू आलं न्हाय. तिची दया मला बोचलीच जास्ती. सकाळी मुहूर्ताला आडवी आल्याली मी तिला चालले न्हाय, आन दुपारी माझी चूक तिला रीत म्हणून चालली. माझ्या सुनंची मान मातर दोन्ही येळंला खाली. म्या म्हणलं, "तिनं चालू ठिवलं ते बरोबर हुतं. मला हात लावू नगं म्हणली हुती. मी ऐकलं न्हाय." येवढं बोलायला मला सकाळी नारळाचा हात धरण्यापेक्षा जास्ती जोर लागला.

पाव्हण्याला जुनी येक नक्षी दावली. माग चालू झाला. पयला हातभर कापड आलं तसं सुनंनं ते उलटं करून बघितलं, मागच्या बाजूनं. चूक आसली की मागनं आधी कळती. न्हवती चूक.

घरी जाताना ती बोलली. रिक्षात न्हाय, आमी चालत निघालो हुतो. म्हणली, "आत्या, सकाळी लाईट गेली आसल म्हणलात."

"व्हय."

"मला तवाच कळल्तं. नव्या डब्यावर कुंकू हुतं." मंग थोडं चालून म्हणली, "कणसं परत काढीन. तीन दिवस लागतील. पर परत मला खोटं सांगू नगा. मशीन बिघडली तर मला दुरुस्त कराय येतीया."

आता तिनं तिसरा डबा घेतलाय. त्यो घरात ठिवायचा न्हाय, कारखान्यात बी न्हाय. आग लागली, पाणी शिरलं, परत निरोप उलटा गेला, तरी त्यो लांब पायजे म्हणती. होटगीला माझी भन हाय, तिच्या गव्हाच्या कोठीत आसतोय. महिन्यातनं येकदा मी यसटीनं जाते, त्यो आणते, सून त्येचा मेळ घालती, दुसऱ्या दिशी मी परत नेऊन ठिवते. भनीला वाटतंय त्यात दागिनं हायेत. परत्येक खेपंला इचारती, "किती तोळं गं?" मी सांगत न्हाय.

परवा कंडक्टर म्हणला, "आज्जे, पिशवी वर ठिव की, मांडीवर कशाला घेऊन बसलीस?"

म्या म्हणलं, "ऱ्हाऊ दे बाबा."

यसटी खड्ड्यात आपटली की मी ती पिशवी पोटाशी धरते. भ्या गेल्यालं न्हाय. सून कोरडं चालवती तवा अजून मला बोलावती, आन मी परत्येक वळीचं म्होरलं बघते. त्यो पुसायचा शब्द न्हाय, न्हाय, न्हाय. मंग ती म्हणती, "दाबू का?" आन दोघी बी थोडं थांबतो.